नकाशा भिंतीवरून खाली काढा

प्रश्न : मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकत्र बसतात. परिसर अभ्यासाची प्रश्नोत्तरं मुलं घडाघडा म्हणतात. पण उत्तर दिशा विचारली की छताकडे बोट करतात. परवा एकाने विचारलं, "बाई, माझ्या पणजोबांनी शिवाजी महाराजांना बघितलं होतं का?" मी 'नाही' म्हटलं, पण त्याला काही उमगलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. काय करू?

उत्तर : छताकडे बोट करणारं मूल आपलंच ऐकतंय. आपणच नकाशा खिळ्याला टांगतो आणि 'वर उत्तर, खाली दक्षिण' म्हणतो. मीही तुमच्याच भागात कित्येक वर्षं असंच शिकवलं. मग एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, कोयना हेळवाकला वळते ती खालची जागा संपते म्हणून का?" महाबळेश्वरहून निघालेली नदी दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला, कराडकडे वळते. नकाशात ती वरून खाली उतरताना दिसते, म्हणून त्याला तसं वाटलं. रोज नदी ओलांडून शाळेत येणारं पोर होतं ते! त्याच दिवशी मी नकाशा काढून जमिनीवर अंथरला.

तुम्हीही तसं करा, पण आधी अंगणात एक काठी सरळ रोवा. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तरेकडे पडलेली असते. हे दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. आपल्याकडे मे-जूनपासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माथ्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, सावली फसवते, आणि जून-जुलैत पाटणला ऊन तरी कुठलं! सावलीवर खडूने रेघ ओढा, नकाशाची उत्तर त्या रेघेशी जुळवा, आपल्या गावावर एक खडा ठेवा. मग एकेकाला तिथे उत्तरेकडे तोंड करून, हात पसरून उभं करा. उजव्या हाताला कराड, डाव्या हाताला कुंभार्ली घाट आणि तो उतरला की चिपळूण, समोर डोंगरांपलीकडे सातारा. एसटी कुठून येते ते मुलांना ठाऊकच असतं. एकदा हाताने दिशा कळली की मग नकाशा खुशाल भिंतीवर लावा.

पणजोबांचा प्रश्न मात्र मला फार मोलाचा वाटतो. आठ वर्षांच्या मुलाला 'चारशे वर्षांपूर्वी' आणि 'आजोबांच्या लहानपणी' सारखंच लांब. त्याला हे अंतर डोळ्यांनी दिसायला हवं. एक सुतळी घ्या. एका वर्षाला दोन सेंटिमीटर. मुलाचं सगळं आयुष्य १६ सेंटिमीटर, त्याच्या वीतभर. तिथे पहिली गाठ. आजीची गाठ मीटरभराच्या पुढे कुठेतरी, पणजोबांची साधारण दोन मीटरवर. सावित्रीबाई फुले आपल्याच जिल्ह्यात नायगावला १८३१ मध्ये जन्मल्या. त्यांची गाठ चार मीटरच्या जरा अलीकडे. आणि शिवरायांचा जन्म, १६३०? आठ मीटरला थोडंसंच कमी. सुतळी वर्गाच्या दारातून व्हरांड्यात जाते! विचारणाऱ्या मुलाला पणजोबांची गाठ धरायला द्या, दुसऱ्याला महाराजांची घेऊन बाहेर पाठवा. तुम्हाला काही सांगावं लागणार नाही.

याच सुतळीवर १९६७ ची गाठ आवर्जून मारा. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, आणि तो अंगावर घेतलेली माणसं तुमच्या मुलांच्या घरात अजून आहेत. मुलांना एकच प्रश्न देऊन घरी पाठवा : "भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता?" मात्र आधी स्वतः चौकशी करा, ज्या घरातलं माणूस त्या रात्री गेलं, तिथल्या लेकराला हा प्रश्न देऊ नका. माझ्या वर्गात एकीची आजी म्हणाली मध्यरात्र होती, दुसऱ्याचे आजोबा म्हणाले कोंबडं आरवायची वेळ. मुलं भांडायला लागली. मी निकाल दिला नाही. "आणखी कुणाला विचारता येईल?" एवढंच म्हटलं. दोन दिवसांत ती चार म्हाताऱ्यांना भेटून आली आणि मग 'शाळेत जुना कागद असेल का?' असंही विचारू लागली. तिसरी-चौथीत इतिहास एवढा जमला तरी मला पुष्कळ वाटतं.

प्रश्नोत्तरं मागे पडतील अशी धास्ती नको. या तासांनंतर पुस्तकातला धडा मुलं भराभर वाचतात, कारण गावं आणि माणसं ओळखीची झालेली असतात.

सुतळी घेताना नऊ मीटर घ्या. महाराजांच्या गाठीपुढेही थोडी उरली पाहिजे, कारण "मग जिजाऊ कुठे?" हा प्रश्न लगेच येतो.