शंका-समाधान : भीती वाटते म्हणजे विश्वास कच्चा का?

प्रश्न : मध्यरात्री दचकून जाग येते. छाती धडधडते, मुलांचं काही वाईट होईल असं वाटत राहतं. 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' हे वचन मी कितीदा तरी म्हणते. फरक पडत नाही. उलट आपला विश्वासच कमी पडतोय, या विचाराने जास्त घाबरते.

उत्तर : भगिनी, तुम्ही वचन अर्ध्यावर सोडता आहात. बायबलमधल्या पौलाच्या फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात, फिलिप्पै ४:६ मध्ये, पुढे 'तर' येतो आणि खरं काम तिथून सुरू होतं : प्रार्थना, विनंती, आभार, आणि आपली मागणी देवाला कळवणं. नुसतं 'चिंता करू नको' असं बजावलं की मन चिंतेलाच चिकटतं. प्रेषित पौलाने हे लिहिलं ते बंदिवासातून. याच पत्रात (२:२०) आपला तरुण सहकारी तीमथ्य तुमची मनापासून काळजी करील असं तो कौतुकाने म्हणतो, आणि तिथे मूळ ग्रीकमध्ये क्रियापद तेच आहे जे ४:६ मध्ये चिंतेसाठी आलंय. तेव्हा लेकरांची काळजी वाटते म्हणून स्वतःला दोषी ठरवू नका.

आधी शरीर शांत करा. उठून बसा. ४ मोजत नाकाने श्वास घ्या : 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.' ६ मोजत सावकाश सोडा : 'मला काही उणे पडणार नाही.' असं ५ मिनिटं. इथे हमखास चूक होते ती मोठमोठे श्वास घाईघाईने ओढण्याची. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती आणखी वाढते. भीतीचा झटका बहुधा १० मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. (छातीत दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर.)

मग उशाशी ठेवलेल्या वहीत तीन ओळी लिहा. पहिली मागणी, अगदी नेमकी. 'सगळं ठीक कर' असं मोघम नको. 'धाकट्याचा ताप उद्या उतरू दे' असं लिहा. दुसरी, उद्या आपल्या हातात असलेली एक गोष्ट. तिसरी, आज घडलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल आभार. वही मिटा. फोन हातात घेऊ नका.

आणि झोप, जेवण सांभाळा. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खाऊ-पिऊ घातलं, मधे झोपू दिलं (१ राजे १९). मला हा अध्याय फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : प्रार्थना 'नीट' झाली नाही असं वाटून मी ती पुन्हा पुन्हा करतो. पाऊण तास जातो. प्रभू येशूनेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तीनदा तेच शब्द म्हटले ना?

उत्तर : म्हटले, आणि मग 'उठा, आपण जाऊ' म्हणून तो चालू लागला (मत्तय २६:४४-४६). तुम्ही प्रार्थना करता ती शंका मिटवण्यासाठी. पुन्हा म्हटलं की घटकाभर बरं वाटतं, पण 'न म्हटलं तर धोका' हे मनात पक्कं होतं आणि फेऱ्या वाढत जातात. हा मंत्रचळाचा (ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) प्रकार असू शकतो. एकच प्रार्थना निवडा, समजा जेवणाआधीची. एकदाच म्हणा, आमेन म्हणा, जेवायला लागा. अस्वस्थता येईल, तिला येऊ द्या, ती आपोआप उतरते. आठ दिवसांनी दुसरी प्रार्थना घ्या. कौल लावल्यासारखं बायबलचं कुठलंही पान उघडून वचन शोधणंही थांबवा. रोज एवढा वेळ जात असेल तर पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा.

प्रश्न : गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास, असं चर्चच्या मंडळीत ऐकवतात. 'भित्रेपणाचा आत्मा' म्हणतात.

उत्तर : 'देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही' हे वचन २ तीमथ्य १:७ मधलं, पौलाने तीमथ्याला लिहिलेलं. त्याचा रोख पुढच्याच वचनात स्पष्ट आहे : प्रभूविषयी साक्ष देण्याची लाज धरू नको. आजाराचा तिथे विषयच नाही. तोच पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर उपाय सांगतो (१ तीमथ्य ५:२३), आणि त्याचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. चिंतेवरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. बरं वाटलं किंवा कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली म्हणून त्या एकदम सोडू नका. चक्कर, निद्रानाश आणि तीच भीती परत येऊ शकते. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. जीव नकोसा वाटत असेल तर रविवारच्या उपासनेची वाट पाहू नका, आजच घरच्या कोणाला तरी सांगा आणि त्यांना सोबत घेऊन रुग्णालयात जा.