साठच्या दशकातल्या पॉप बँड्सनी खरंच काही बदललं, की नुसते केस वाढवले?

केस वाढवले हे कबूल :) पण ज्यावरून सगळ्यात जास्त बोंब झाली ती गोष्ट मला त्यातली किरकोळ वाटते. १९६६ मध्ये बीटल्स या इंग्लिश बँडचा जॉन लेनन बोलून गेला की आम्ही आता येशूपेक्षा पॉप्युलर आहोत, इंग्लंडात कुणी ढुंकूनही बघितलं नाही, चार-पाच महिन्यांनी तेच अमेरिकेत छापून आलं आणि तिकडे दक्षिणेत लोकांनी बीटल्सच्या रेकॉर्डींची अक्षरशः होळी केली.

धाडस म्हणाल तर ते दोन वर्षं आधीचं. सप्टेंबर १९६४, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, गेटर बोल स्टेडियम. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार असाल तर आम्ही वाजवणार नाही, असं या पोरांनी सांगून टाकलं आणि आयोजकांना ऐकावं लागलं. भेदभावाविरुद्धचा कायदा जुलैतच झाला होता पण गावोगावी तो कोण पाळतंय! पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या शोसाठी तर ही अट सरळ कॉन्ट्रॅक्टमध्येच घातली.

सगळेच असे वाघ नव्हते हां. १९६७ मध्ये अमेरिकेत एड सलिव्हनच्या टीव्ही शोवर रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडने 'लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर' हे गाणं शोवाल्यांच्या सांगण्यावरून 'नाइट' म्हणजे 'रात्र' शब्द गाळून म्हटलं, त्यांचा गायक मिक जॅगरने डोळे फिरवले तेवढाच काय तो निषेध.

आणि कलेचं म्हणाल तर बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' हेडफोन लावून ऐका. एप्रिल १९६६, लंडनचा ईएमआय स्टुडिओ, जिथे टेक्निशियन पांढरे कोट घालून फिरायचे आणि माइक ड्रमपासून किती लांब ठेवायचा याचेही नियम होते. जेफ एमरिक हा जेमतेम २० वर्षांचा इंजिनिअर, त्याने माइक ड्रमला खेटवला, आत स्वेटर कोंबला, लेननचा आवाज ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून काढला, आणि टेपचे गोल तुकडे वेगवेगळ्या मशीनवर चालू, ते ताठ राहावेत म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी. गाणं जवळपास एकाच कॉर्डवर (म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या एकाच गटावर), खाली तंबोरा. आपल्याला तंबोऱ्याचं काय नवल, पण तिकडच्या पॉपमध्ये कॉर्ड न बदलता गाणं म्हणजे वेडेपणाच.

जाता जाता, 'द इनर लाइट' या गाण्याचं वादन बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये आपल्या मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलंय, सरोद, पखवाज, बासरी सगळं इथल्याच वादकांचं, फक्त गाणं लंडनला म्हटलं. आणि ते मार्चमध्ये बीटल्सच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलंसुद्धा.