मोठा भाऊ सैन्यात आहे, पण सुट्टीवर आला तरी परका वाटतो. त्याच्याशी जवळीक कशी वाढवावी?

तुम्ही लिहिलंय की दादा भरती झाला तेव्हा तुम्ही शाळेत होतात आणि आता तो ओझरला घरी आला की "अभ्यास कसा चाललाय?" याच्या पुढे बोलणं जात नाही. आमच्याकडेही हेच होतं. माझा दादा तोफखान्यात आहे. आम्ही नाशिकरोडचे आणि त्याचं ट्रेनिंगही इथल्याच आर्टिलरी सेंटरला झालं, पण नंतर युनिट कायम लांबच राहिलं. त्यामुळे हे सगळं घरचंच सांगतेय.

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे त्याला पाहुणा करू नका. जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणून तो आला की रोज गोडधोड, रोज कुणाकडे तरी जेवण, आणि कशाला हात लावायला गेला की "तू बस रे, आराम कर". सगळं मायेनंच चालतं. पण ज्याचा एरवीचा प्रत्येक तास पीटी, फॉल-इन (रांगेत उभं राहून हजेरी), गार्ड ड्युटीत जातो, त्याला नुसतं बसवून ठेवलं की घर आपल्यावाचून सुरळीत चाललंय असंच त्याला वाटत राहतं. पहिले दोन दिवस पोटभर झोपू द्या. मग काम सांगा.

माझ्या स्कूटीचा ब्रेक ढिला झाला होता. गॅरेजला न नेता दादाला म्हटलं, तू बघ. त्याने अंगणात पेपर पसरला, काढलेला प्रत्येक नट काढला त्या क्रमाने मांडून ठेवला आणि पाना मागायला हात पुढे केला. मी शेजारी बसून पाने देत होते. काम चालू असताना सहज विचारलं, तोफेवर तुम्ही सगळे उभे कसे राहता? त्याने तेच नट सरकवले. हा नंबर एक, म्हणजे डिटॅचमेंटचा (एका तोफेवरच्या तुकडीचा) कमांडर, त्याचा हुकूम. हा गोळा आणणार, हा भरणार, हा नेम धरणार. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचं काम ठरलेलं, आणि एक जण आजारी पडला तर दुसऱ्याला त्याचं काम आलंच पाहिजे. मग त्याच्या डिटॅचमेंटमधला कोण घोरतो, कोणाचं लग्न ठरलंय, लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, भात संपला की कोण चिडतो, सगळं निघालं. समोरासमोर बसवून "सांग ना तुझ्याबद्दल" म्हटलं असतं तर यातलं काही आलं नसतं. हात कामात असले की माणूस मोकळा होतो.

विचारायचं ते असं रोजचं विचारा. युनिट नक्की कुठे आहे, कधी हलणार, किती जण आहेत, हे विचारू नका. ते सांगायची त्याला परवानगी नसते आणि बहिणीला किंवा भावाला टाळताना त्यालाच अवघडल्यासारखं होतं. "गोळीबार पाहिलास का, कोणाला मारलंस का" हे तर मुळीच नको. आणि तोही तोफखान्यात असेल तर अजून एक: तोफांच्या आवाजाने तिथल्या अनेकांना कमी ऐकू येऊ लागतं. तो उत्तर देत नाही म्हणजे दुर्लक्ष करतोय असं लगेच धरून चालू नका. समोर बसून, टीव्ही बंद करून बोला.

सुट्टी संपल्यावरचं नातं फोनवर आहे, आणि तिथे मनाला लावून घेण्यासारखं बरंच घडतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, त्यामुळे बदली झाली की नंबरही बदलू शकतो. २०२० मध्ये सैन्याने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती. त्यामुळे तुमच्या फोटोला त्याचा लाइक आला नाही, हे मोजत बसू नका. फोन आला की छोट्या बातम्या द्या. गोदावरीला पूर आला की आमचा दादा पहिलं विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरूनच इथे पूर मोजतात) कमरेला लागलं की छातीला? त्याला नाशिक असं तपशिलात हवं असतं.

पत्रही लिहा, खरंच. नंबर, नाव, युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय) एवढ्या पत्त्यावर ते पोहोचतं, आणि रेंज नसलेल्या जागी पुन्हा पुन्हा वाचता येतं. राखी मी बरीच आधी टाकते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात कोणी आजारी पडलं की "त्याला सांगू नका, तिकडे काळजी करेल" असं ठरतं. बाबांच्या शुगरचं आमच्याकडे असंच चाललं होतं. मी आईला सांगून, दादा मोकळा आहे ना हे आधी विचारून, रिपोर्टमधले आकडे त्याला वाचून दाखवले. तो चिडला नाही. कोणत्या डॉक्टरकडे जायचं, औषधं कोण आणतं, सगळं विचारलं आणि त्यानंतर घरचं काहीही असलं की फोन मला येऊ लागला. लांब असलेल्या माणसाला खरं सांगणारं घरात एक जण तरी हवं. आई-वडिलांना ते जमत नाही, धाकट्याला जमतं.

पुढची सुट्टी मंजूर झाली की एखादं काम त्याच्यासाठी राखून ठेवा आणि फोनवरच सांगा, हे तुझ्यावर सोडलंय. जम्मूकडून झेलम एक्स्प्रेसने येणार असेल तर मनमाडला उतरेल. त्याला आणायला तुम्ही एकटेच जा. चांदवड, पिंपळगाव करत ओझरला येईपर्यंत मध्ये चहाला थांबा. घरी पोहोचलं की तो सगळ्यांचा होतो, त्याआधी एवढा रस्ता तुम्हा दोघांचा.