व्हेपिंग, आरशातली पांढरी रेघ आणि न मिळणारी खात्री

‘मी सिगारेट ओढत नाही, फक्त व्हेप (ई-सिगारेट) वापरतो, तरीही मला तोंडाचा कर्करोग होईल का?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे येणारे तरुण इतक्या वेळा विचारतात की, त्यावर सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटले. प्रश्न वैद्यकीय असूनही तो समुपदेशकाकडे का येतो, हे मला एका 26 वर्षांच्या तरुणामुळे उमगले. त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्याच भेटीत त्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि बोटाने गाल बाजूला ओढून आतली बाजू मला दाखवली. “ही पांढरी रेघ बघा, मॅडम. दिवसातून दहा वेळा बघतो मी.” मी डॉक्टर नसल्यामुळे त्याला आधी दंतवैद्यांकडे पाठवले. वरचे आणि खालचे दात जिथे मिळतात, तिथे गालावर उमटणारी ती निरुपद्रवी रेघ होती. ती अनेकांच्या तोंडात असते.

त्याची भीती मात्र कमी झाली नाही. “मग पुढेही होणार नाही, असं कुणी छातीठोकपणे का सांगत नाही?”

त्याचे कारण मी त्याला समजावून सांगितले. आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट 2003 च्या सुमारास चीनमध्ये हॉन लिक यांनी विकसित केली, आणि तंबाखूमुळे होणारा कर्करोग प्रकट व्हायला अनेकदा 20-30 वर्षे लागतात. त्यामुळे अंतिम निवाडा देण्याइतका काळच अजून लोटलेला नाही. पण ‘सिद्ध झालेले नाही’ म्हणजे ‘सुरक्षित आहे’ असे नव्हे. व्हेपमधला द्रव तापला की फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच त्याला मानवी कर्करोगकारक ठरवले आहे. द्रव तापवणाऱ्या तारेच्या कॉइलमधून निकेल, क्रोमियमसारख्या धातूंचे कणही त्या वाफेत उतरतात. यांतली बरीच घातक द्रव्ये सिगारेटच्या धुरापेक्षा कमी असतात हे खरे आहे, परंतु जो कधी सिगारेट ओढतच नव्हता, त्याने या तुलनेत समाधान मानण्यात अर्थ नाही.

माहिती देऊन मी थांबले असते, तर तो पुन्हा आरशासमोरच उभा राहिला असता. माणसाला त्रास देते ती अनिश्चितता नव्हे, तर ‘मला खात्री मिळालीच पाहिजे’ हा त्याचा हट्ट, अशी माझी वर्षानुवर्षांची धारणा आहे. म्हणून मी त्याला वहीत दोनच नोंदी करायला सांगितल्या: आरसा केव्हा पाहिला आणि झुरका केव्हा घेतला.

चौथ्या भेटीत वही आमच्या दोघांमध्ये उघडी होती.

“खात्री मिळेपर्यंत तुम्ही काय करता?” मी विचारले.

“वाट बघतो.”

“आणि वाट बघताना?”

उत्तर यायला बराच वेळ लागला. त्याचे बोट एकेका ओळीवरून सरकत होते: 9.10 आरसा, 9.15 झुरका; 11.40 आरसा, 11.50 झुरका. “म्हणजे कॅन्सरच्या भीतीनेच मी व्हेप ओढतोय,” तो हळूच म्हणाला.

तो क्षण मी आजही जपून ठेवला आहे, कारण हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलेले नव्हते. विज्ञानाच्या निकालाची वाट न पाहताही निर्णय घेता येतो, हे त्यानंतर त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

पुढचे काम व्यवहाराचे होते. निकोटिनची तलफ शमवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे च्युइंगगम किंवा त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी वापरता येते; व्हेप सोडताना सिगारेटकडे वळू नये आणि मद्यही आवरावे, कारण मद्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका निश्चितपणे वाढतो. रोज दहा वेळा तोंड पाहण्याऐवजी महिन्यातून एकदा नीट पाहावे. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, गाठ, जिभेचा बधिरपणा किंवा गिळताना होणारा त्रास आढळल्यास समुपदेशकाकडे न येता थेट डॉक्टरांकडे जावे.

शेवटच्या भेटीत त्याच्या वहीत ‘आरसा’ या रकान्यात एकच नोंद होती. ‘झुरका’ या रकान्यात दोन होत्या, आणि त्या त्याने मी न विचारताच दाखवल्या.