चांगल्या गोष्टींची वही कोरडी का पडते? आणि शाळेतल्या मनाविषयी आणखी काही प्रश्न

प्रश्न : इंदूरच्या एका शाळेत मी तिसरीला शिकवते. वर्गात ४२ मुलं आहेत. दिवाळीनंतर रोज 'आजच्या तीन चांगल्या गोष्टी' वहीत लिहून घ्यायला लागलो. पहिला आठवडा मजेत गेला. आता जवळजवळ प्रत्येक वहीत तेच : 'मम्मी ने टिफ़िन दिया, पापा ने घुमाया, मैं खेली.' मुलं कंटाळली आहेत, मीही. बंद करू का?
एक शिक्षिका, रामबाग

बंद करू नका, पण रोज घेणं थांबवा.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सराव २००५ मध्ये तपासला, तो मोठ्या माणसांवर. आठवडाभर रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हेही लिहायचं. शाळेपर्यंत येता येता हा 'का' गळून पडतो आणि नुसती यादी उरते. यादी मुलांना चार दिवसांत पाठ होते, मग हात लिहितो आणि डोकं दुसरीकडे असतं.

आठवड्यातला एक वार ठरवा आणि शेवटच्या तासातली १५ मिनिटं त्याला द्या. तीन गोष्टी नकोत, एकच पुरे. पहिली तीन मिनिटं मुलांनी सकाळपासूनचा दिवस मनात आठवायचा. पुढची पाच लिहायला किंवा चित्र काढायला. चार मिनिटं शेजाऱ्याला सांगायला. उरलेल्या तीन मिनिटांत ज्यांना आपणहून सांगायचंय अशा दोघांनी वर्गाला सांगायचं. मराठी, हिंदी, माळवी, जी भाषा तोंडात येईल ती चालेल. ज्याला त्या दिवशी काहीच सुचत नाही, त्याचं पान कोरं राहू द्या.

खरा फरक पडतो तो विचारण्याने. जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते ११ वयाच्या मुलांना नुसतं 'आभार माना' असं सांगितलं नाही. त्यांनी तीन गोष्टींचा विचार करायला शिकवलं : समोरच्याने हे मुद्दाम केलं का, त्यासाठी त्याला काय सोसावं किंवा सोडावं लागलं, आणि मला त्याचा काय उपयोग झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांची कृतज्ञतेची जाण वाढलेली दिसली. तुमच्याच वर्गातलं वाक्य घ्या. 'मम्मी ने टिफ़िन दिया.' आता हळूच विचारा : डब्यात काय होतं? पराठा. कधी लाटला असेल? तू उठलास तेव्हा मम्मी काय करत होती? मग वहीत असं काही येतं : 'मला उशीर झाला तरी मम्मीने पराठा गरम करून दिला, तिचा चहा तसाच राहिला.' हे वाक्य पुढच्या आठवड्यात जसंच्या तसं परत येणार नाही, कारण ते एकाच सकाळचं आहे.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. या वहीत लाल पेन फिरवलं की मुलं बिनचूक लिहिता येतील अशीच वाक्यं शोधतात. म्हणून शुद्धलेखन तपासू नका, गुण देऊ नका, सही फक्त 'वाचलं' एवढ्यापुरती करा. दुसरं, फळ्यावर नमुना देताना दर वेळी आई-बाबा नकोत. ज्या मुलाची आई घरात नाही, त्याला दर आठवड्याला तेच टोचतं. व्हॅनवाले भैया, शाळेतल्या मावशी, सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीवरचे लोक, ही उदाहरणं सगळ्यांना सारखीच जवळची आहेत. असे चार-पाच आठवडे झाले की महिनाभर वही बाजूला ठेवा आणि दुसरं काही घ्या.

प्रश्न : नात दुसरीत आहे. घरात सगळे तिला 'किती हुशार गं आमची पोर' म्हणतो. गणित चुकलं की ती वही भिरकावते. स्पर्धेत नाव द्यायलाही नको म्हणते. कौतुक करू नये की काय?
एक आजोबा, सुदामा नगर

कौतुक जरूर करा, फक्त कशाचं करायचं ते बदला. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीच्या वयाच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. मग काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस'. पुढची अवघड कोडी सुटली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तेव्हा 'हुशार' म्हटलेल्यांची कामगिरी घसरली आणि दुसऱ्यांची सुधारली. हुशार ठरलेल्या मुलाला प्रत्येक चूक म्हणजे ते बिरुद हिसकावून घेणारी वाटते. तुमची नात स्पर्धेला नको म्हणते ती बहुधा याच भीतीने. या विषयावरच्या पुढच्या मोठ्या अभ्यासांत परिणाम मात्र लहान दिसले, त्यामुळे नुसते शब्द बदलून जादू होईल अशी अपेक्षा नको.

'छान मेहनत' हेही दहादा म्हटलं की पोकळ होतं. जे दिसलं तेच सांगा : 'हातचा एक विसरत होतीस, मग तो वर लिहून ठेवायला लागलीस आणि जमलं.' वही भिरकावली की लगेच समजावू नका. श्वास ताळ्यावर येईपर्यंत शेजारी गप्प बसा. मग विचारा, 'कुठपर्यंत बरोबर आलं होतं ते दाखव.' बेरजेच्या चार पायऱ्यांतल्या तीन बरोबरच असतात, पण रागाच्या भरात तिला त्या दिसत नाहीत.

प्रश्न : 'दुसऱ्याला मदत केली की एक तारा' असा तक्ता पाचही वर्गांत लावला. आता मुलं एकमेकांची पेन्सिल मुद्दाम पाडतात आणि उचलून देऊन तारा मागतात!
एक मुख्याध्यापिका

तक्ता उतरवायला हवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक' असं आधीच कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढू लागली. तुमच्याकडेही मदतीपेक्षा तारा मोठा झाला आहे. मात्र मिळवलेले तारे खोडू नका. सत्र संपलं की तक्ता निमूट जाऊ द्या.

त्याऐवजी कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या शाळांत ९ ते ११ वयाच्या मुलांनी जे केलं ते करता येईल. तिथे चार आठवडे, दर आठवड्याला मुलांनी कुणासाठी तरी तीन चांगली कामं केली. दुसऱ्या गटाने तीन आवडत्या जागांना भेट दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन्ही गटांची मुलं अधिक आनंदी झाली, पण पहिल्या गटाला 'याच्याबरोबर काम करायला आवडेल' असं म्हणणारे वर्गमित्र जास्त वाढले. काम कुणासाठी करायचं ते मुलांनाच ठरवू द्या. फक्त एका गोष्टीवर लक्ष असू द्या : अबोल किंवा गरीब घरचं तेच ते मूल सगळ्यांच्या मदतीचं धनी व्हायला नको. त्यालाही देणारा होण्याची पाळी मिळायला हवी.

आमच्या मते यापेक्षाही महत्त्वाचं काम शिक्षकांचं आहे. वर्गाची नावं एका कागदावर लिहा. आठवड्यात ज्या मुलाशी अभ्यास आणि शिस्त सोडून दोन शब्द बोललात, त्याच्यापुढे खूण करा. शनिवारी ज्यांच्यापुढे खूण नाही, त्यांच्यापासून सोमवारची सुरुवात करा. खोडकर आणि हुशार मुलांपुढे खुणा भराभर पडतात, मधली मुलं तशीच राहून जातात. मुलांकडून काहीही करून घेण्याआधी हा कागद महिनाभर चालवा.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. शाळेत 'हॅपी रहना है' शिकवतात. आता काही बिनसलं तर तो घरी सांगत नाही. म्हणतो, 'टीचरला सॅड आवडत नाही.'
एक आई, लोकमान्य नगर

तुमच्या मुलाने जे ऐकलं त्याचा त्याने बरोबर अर्थ लावला आहे, म्हणून हे वर्गशिक्षिकेला शांतपणे सांगा. मुलांच्या भल्याच्या कामात रडण्याला जागा असावीच लागते. घरी रोज रात्री 'आज काय छान झालं?' याबरोबर 'आज काय नाही आवडलं?' हेही विचारा. उत्तर आलं की लगेच उपाय सुचवू नका. खट्टू झालास का, हिरमुसलास का, धास्ती वाटली का, हेवा वाटला का, असे नेमके शब्द त्याच्या हाती द्या. राग येणं चालतं, मारणं चालत नाही, ही सीमा मात्र स्पष्ट ठेवा.

झोप, भूक किंवा खेळ दोन आठवडे बिघडलेले असतील, शाळेच्या सकाळीच पोट दुखत असेल, तर वहीच्या सरावांवर विसंबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. मूल संकटात असेल तर चाइल्डलाइनचा १०९८ आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना इथेच. वहीत लैंगिक छळाचा इशारा दिसला तर ते पान वर्गात वाचू नका, मुलाला खोदून प्रश्न विचारू नका. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने (२०१२) अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'शाळेतच मिटवू' हा पर्याय उरत नाही.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, प्रार्थनेनंतर सगळ्या प्राथमिक शाळेने २० मिनिटं डोळे मिटून ध्यान करायचं. योग्य आहे का?
एक शिक्षक

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हे फार आहे. ब्रिटनमधल्या ऐंशीहून अधिक माध्यमिक शाळांत, म्हणजे अकरा वर्षांपुढच्या मुलांवर, सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या) प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली. शाळेत आधीपासून जे भावनिक शिक्षण चालतं त्यापेक्षा हे प्रशिक्षण सरस ठरलं नाही, असं २०२२ मध्ये दिसलं. पहिली-दुसरीला एक मिनिट द्या, चौथी-पाचवीला तीन. घंटा एकदा वाजवा. नाद ऐकू येईनासा झाला की ज्याने त्याने हात वर करायचा. डोळे उघडे ठेवले तरी चालतील, काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटते. दंगा झाला की शिक्षा म्हणून ध्यानाला बसवू नका, नाहीतर घंटेचीच नावड बसेल. वाचलेली १७ ते १९ मिनिटं मैदानावर लंगडी, लगोरी खेळायला द्या.