आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर इतक्या लवकर वर कसे आले? मराठी आडनावाचा फायदा झाला की अडचण?

'३८ व्या वर्षी पंतप्रधान' ही बातमी २०१७ मध्ये आपल्याकडे एवढी गाजली, की गडी एकदम वरून टपकला असं वाटावं. तोवर त्यांना राजकारणात अठरा वर्षं झाली होती, आणि सुरुवात पराभवाने झाली होती.

१९९९ साली, विशीत, ट्रिनिटी कॉलेजात डॉक्टरी शिकत असतानाच ते फिने गेल पक्षाकडून स्थानिक निवडणुकीला उभे राहिले. पडले. २००३ मध्ये फिंगल कौंटी कौन्सिलची (डब्लिनजवळची, आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) एक जागा रिकामी झाली आणि पक्षाने त्यांना आत घेतलं. आपल्याकडच्या स्वीकृत नगरसेवकासारखं, पण मतदानाच्या हक्कासकट. माझ्या मते खरी लॉटरी हीच. कारण वर्षभरात निवडणूक आली, तेव्हा ते विद्यमान सदस्य म्हणून उभे होते. २००४ मध्ये डब्लिनच्या कॅसलनॉक या उपनगरातून पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं, स्थानिक निवडणुकीत देशात सर्वाधिक!

मी काही वर्षं त्याच पट्ट्यात, ब्लँचर्ड्सटाउनला राहिलो. तिथे स्थानिक निवडणुकीत नागरिक नसलेल्या रहिवाशालाही मत देता येतं, म्हणून मीही दिलं. शाळेच्या वर्गात बूथ, हातभर लांब मतपत्रिका, प्रत्येक नावाशेजारी उमेदवाराचा फोटो, आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. शिक्का नाही, बटण नाही. १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे, आपल्या विधान परिषदेसारखे. म्हणून उमेदवार दारोदार फिरतो आणि 'पहिलं नाही तर दुसरं तरी द्या' म्हणतो. तिथले पुढारी लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात त्याला 'क्लिनिक' म्हणतात. या डॉक्टरची दोन्ही क्लिनिकं चालू होती म्हणायची.

२००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून संसदेत गेले. तीनच जागा होत्या, आणि त्यांत समाजवादी जो हिगिन्स घरी बसले.

जीभ तिखट. २०१० मध्ये स्वपक्षाचे नेते एंडा केनी यांच्याविरुद्धच्या बंडात ते उघडपणे रिचर्ड ब्रुटन यांच्या बाजूने होते. बंड फसलं. आपल्याकडे एवढ्यावर माणूस अडगळीत गेला असता. पण मार्च २०११ मध्ये सत्ता आली आणि त्याच केनींनी त्यांना वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा खातं दिलं. वय ३२.

आडनावाचं म्हणाल, तर मतांसाठी त्याचा उपयोग शून्य. तिथे मराठी मतं असणार किती? वडील डॉक्टर, मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. आई वॉटरफर्डकडची आयरिश नर्स. लिओ डब्लिनलाच जन्मले, वाढले, बोलणंही अस्सल डब्लिनचं. वराडला ते सहकुटुंब गेले डिसेंबर २०१९ मध्ये, पंतप्रधान झाल्यावर.