बाग विकू नका, आधी वही वाचा

प्रश्न: देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ७१ टक्के, चष्म्याचा नंबर साडेतीन. त्याने हवाई दलात मालवाहू विमानाचा पायलट व्हावं ही वडिलांची इच्छा. चष्म्यामुळे एनडीए जमलं नाही तर निम्मी कलमं विकून, साठ लाख घालून कमर्शियल पायलटचं लायसन्स काढायची तयारी आहे. "तो इंजिनिअरिंगचं नाव काढतो, पण विमानाला पाना लावण्यासाठी मी त्याला शिकवलं नाही," असं ते लिहितात. अभ्यास सोडून तो काय करत बसतो याचा पुरावा म्हणून त्याच्या वहीच्या चार पानांचे फोटोही जोडले आहेत.

उत्तर: तुमचं पत्र तीन पानांचं आहे आणि त्यात मुलाच्या तोंडचं वाक्य एकही नाही. वाडीत काय सांगून ठेवलंय, चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत किती कमावतो, मे महिन्यात चाकरमानी आले की काय विचारतील, हे सगळं मात्र आहे. मला त्याच्या ७१ टक्क्यांची काळजी वाटत नाही. निम्मी बाग विकून शिकवलेल्या मुलाला "बाबा, मला हे नको होतं" असं पुढे कधी म्हणता येईल का, याची वाटते. सतरा वर्षांच्या पोरावर एवढं ओझं टाकू नका.

शिवाय मूळ हिशेबच चुकतोय. कमर्शियल लायसन्सवर हवाई दलाचं विमान उडवायला मिळत नाही. तिथे जायचं तर एनडीए, सीडीएस किंवा एएफकॅट या प्रवेश परीक्षा, आणि फ्लाइंग ब्रांचच्या मेडिकलमध्ये साडेतीन नंबर बसत नाही. एअरलाइनसाठी चष्मा चालतो, पण लायसन्सनंतर टाइप रेटिंगचा, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा, खर्च वेगळा येतो, आणि त्यानंतरही नोकरीची खात्री नसते.

आता ती वही. तुम्ही ती तक्रार म्हणून पाठवलीत, मी ती दोनदा वाचली. प्रवासी विमानाला राखाडी रंग दिला की सैन्याचं मालवाहू विमान होतं का, असा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारलाय आणि उत्तरही काढलंय. प्रवासी विमानाचे पंख खाली असतात, त्यामुळे पंखांखालच्या इंजिनांसाठी अंग उंच ठेवावं लागतं. दार बाजूला असतं. जीप चढवायची तर खालून उचलणारं यंत्र लागतं. सी-१३० या सैन्याच्या मालवाहू विमानाचे पंख वर, आतला तळ जमिनीलगत आणि मागे उतरता दरवाजा, म्हणून गाडी सरळ आत जाते. पुढे त्याने ए-३३० या प्रवासी विमानाचं टँकर, म्हणजे हवेत दुसऱ्या विमानांना इंधन देणारं विमान, का जमलं ते लिहिलंय: मूळ टाक्यांतच १११ टन इंधन मावतं, म्हणून पोटातली सामानाची जागा मोकळी राहते. एक दुरुस्ती त्याला सांगा. केसी-१३५ हा टँकर बोइंग ७०७ या प्रवासी विमानापासून झालेला नाही. १९५४ मध्ये उडालेल्या बोइंगच्या एकाच नमुना विमानातून दोघंही आले आणि टँकरचं अंग ७०७ पेक्षा थोडं अरुंद आहे. चार पानांत उडण्याबद्दल एक ओळ नाही. या मुलाला कॉकपिट नकोय, विमानाचं अंग उघडून बघायचंय.

नागरी विमानांचं काम म्हणजे दुय्यम, सैन्याचं तेवढं खरं, हा तुमचा मोठा गैरसमज आहे. गोव्याच्या आयएनएस हंसा या तळावरून पाणबुड्या शोधायला निघणारी नौदलाची पी-८आय विमानं बोइंग ७३७-८०० या प्रवासी विमानाच्याच अंगावर उभी आहेत. त्याच अंगात शस्त्रांसाठी कप्पा केलाय. कानपूरला एचएएल या सरकारी विमान कंपनीने बांधलेलं अ‍ॅव्हरो मुळात छोट्या मार्गांवरचं प्रवासी विमान, आणि हवाई दलाने ते दशकानुदशकं वापरलं. एअर इंडियाकडची ए-३२१ विमानं घेऊन त्यांवर रडार बसवण्याचं काम डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने हाती घेतलंय. प्रवासी विमानांचं टँकरमध्ये रूपांतर करण्यासाठी एचएएलने २०२२ मध्ये इस्रायलच्या आयएआय या विमान कंपनीशी सामंजस्य करार केला. हे बदल करणारे लोक पंखांचं, सांध्यांचं, वजनाचं गणित जाणणारे इंजिनिअर असतात. आणि ज्याला तुम्ही पाना लावणारा म्हणता, त्या एएमईची, म्हणजे विमानांची देखभाल करणाऱ्या लायसन्सधारक इंजिनिअरची, सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेलं प्रवासी विमान जागचं हलत नाही.

त्याने बारावी नीट करावी, सीईटी आणि जेईई द्यावी, एरोनॉटिकल नाहीतर मेकॅनिकलला जावं. माझा कल मेकॅनिकलकडे आहे, कारण उद्या विमानाचा नाद सुटला तरी हातात काम राहील. एएमई करायचं असेल तर ते बारावीनंतरच सुरू होतं, पण डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या परीक्षा कठीण असतात आणि लायसन्सला प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो, हे त्याला आधीच सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात घेऊन जा. तिथे एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान, मग हवाई दलाचं, १९७६ पासून समुद्रावर टेहळणी करणारं नौदलाचं. तिथे तुम्ही फक्त ऐका, त्याला बोलू द्या.

एएमईच्या कुठल्याही कॉलेजचे पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या यादीत त्याचं नाव आहे का ते पाहा. नोकरीची हमी देणारा एजंट घरी आला तर त्याला हमी लेखी मागा. बागेचे कागद मात्र कपाटातून काढू नका.